दुपट्यातलं बाळ

रोह्याच्या पुलापलीकडे अष्टमी गावातल्या त्या घरात तेलाची वाटी फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर गेली होती. तिथे ती काशीबाईनेच ठेवली होती आणि ठेवताना कुणाशी काही बोलली नव्हती. नात घरात आल्यापासून तिचा एक परिपाठ होता. सकाळी त्या वाटीत लसणाच्या दोन पाकळ्या टाकून तेल कोमट करायचं, टाळू भरायची, अंग रगडायचं आणि शेवटी दोन्ही कानांत एकेक थेंब सोडायचा. तिच्या सासूने नातवाच्या, जनूच्या, कानांत असंच तेल घातलं होतं आणि धाटावच्या कंपनीत मशीन धडधडत असतानाही जनूला सुपरवायझरची शिवी नीट ऐकू यायची. पण जनूची मुलगी दुर्वा वर्षाची होऊन गेली तरी हाकेला वळेना. मग एके दिवशी पेणजवळच्या जिते गावाहून विहीणबाईंचा, ठमाबाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, पोरीचे कान तेलाने गेले. त्या दिवसापासून काशीबाईने नातीच्या कानाला बोट लावलं नव्हतं.

काशीबाईच्या सुनेने, हर्षालीने, आईचं म्हणणं मानलं, कारण मानायला सबळ आधार होता. दुर्वाला जन्मतः ऐकू येत होतं, हे तपासून झालं होतं.

पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजाप्रमाणे हर्षाली सातव्या महिन्यात जित्याला गेली आणि पेणच्या एका ट्रस्टच्या प्रसूतिगृहात तिला मुलगी झाली. तिथे प्रत्येक बाळाच्या कानात बोराएवढी मऊ गुंडी बसवून एका लहानशा मशीनवर तपासणी करत. दुर्वाची तपासणी नीट आली नाही. कानात पाणी असेल, थोड्या दिवसांनी पुन्हा बघू, असं तिथल्या इंदुताईने सांगितलं. ही इंदुताई मागे लागणारी बाई म्हणून तालुक्यात प्रसिद्ध होती. ती येण्याआधी पहिल्या तपासणीत अडकलेली निम्मी बाळं परत यायचीच नाहीत. बाळंतीण माहेरच्या पत्त्यावर नोंदलेली असायची, मग सासरी निघून जायची आणि फोन उचलायला भाऊ नाहीतर बाप असायचा. इंदुताईने रीतच बदलली. बाळ येत नसेल तर मशीन पिशवीत घालून ती गावात जायची आणि शाळेच्या नाहीतर अंगणवाडीच्या खोलीत बसायची. तपासणी झाल्याशिवाय ती गाव सोडत नसे.

ती जित्याच्या शाळेत आली तेव्हा हर्षालीचा सव्वा महिना व्हायचा होता. तोवर बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही. तेव्हा आजीच नातीला घेऊन गेली. अष्टमीहून काशीबाईने आपल्या जुन्या साडीचं हिरव्या काठाचं दुपटं शिवून पाठवलं होतं, त्यात दुर्वाला गुंडाळून ठमाबाई घराबाहेर पडली आणि तासाभराने परत आली ती हसतच. आत आल्या आल्या तिने हर्षालीच्या तळहातावर साखर ठेवली. "पास झाली गो! दोन्ही कान पास. इंदुताई म्हणाली, काय काळजी करू नका."

ती साखर हर्षालीला चांगली आठवत होती. म्हणूनच तेलाचं म्हणणं तिला पटलं. माहेरहून धडधाकट आणलेली मुलगी सासरी बहिरी झाली, आणि मधे काय घडलं असेल तर ती वाटी. ती सासूशी भांडली नाही. कामापुरतं बोलू लागली, एवढंच. शेजारपाजारच्या बायकांना मात्र कुठून तरी कळलं. पुलावरून बाजारात जाताना कुणीतरी काशीबाईला "तेलवाली" म्हणालं, ते हर्षालीने ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

अष्टमीच्या बालरोगतज्ज्ञांनी पेणलाच जाऊन मोठी तपासणी करून घ्यायला सांगितलं. जायच्या दिवशी जनूची पहिली शिफ्ट होती. काशीबाई लुगडं बदलून दाराशी उभी राहिली.

"मी येऊ का गो संगती?"

"नका येऊ, आत्या," हर्षाली म्हणाली. "तेलाचं विचारतील. उगाच तुम्हालाच ऐकून घ्यावं लागेल."

काशीबाईने मान डोलावली आणि दुर्वाच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला. लुगडं मात्र तिने दुपारपर्यंत बदललं नाही.

पेणला त्याच ट्रस्टच्या दवाखान्यात दुर्वाला गुंगीचं औषध पाजून झोपवलं आणि कपाळाला, कानामागे तारा चिकटवून तपासलं. कानाच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलणं मोजकं आणि स्वच्छ होतं. दोन्ही कानांना जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, असं त्यांनी सांगितलं. हर्षालीने याची तयारी ठेवली होती.

"माझ्या सासूबाई कानात तेल घालायच्या," ती म्हणाली.

"तेल घालायचं नाहीच. पू होतो, पडदा खराब होतो. पण एवढं बहिरेपण तेलानं येत नाही." डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "आता मला सांगा, हिला कधीपासून ऐकू येत नाही? हे मी उगाच विचारत नाही. जन्मापासूनच नसेल, तर आज कानाचे साचे घ्यायचे, लवकरात लवकर यंत्रं लावायची आणि तेवढ्यानं भागलं नाही तर ऑपरेशनसाठी मुंबईला पाठवायचं. पण आधी येत होतं आणि नंतर गेलं असेल, तर आत अजून काहीतरी चालू असेल. ते आधी शोधावं लागेल. स्कॅन, रक्ताच्या तपासण्या, कदाचित भूल देऊन. त्यात बरेच महिने जातील. बोलणं शिकायचं वय असतं. ते थांबून राहत नाही. आधीच आपण उशिरा आलोय."

"दुसरी तपासणी पास झाली होती," हर्षाली म्हणाली. "माझ्या आईनं नेलं होतं."

"हो, आमच्याकडेही तसंच आहे. म्हणजे नंतर गेलं. बाहेर बसा, मी पुढच्या तपासण्यांचं बघते."

बाहेरच्या बाकावर दुर्वा मांडीवर अजून पेंगत होती. समोरून इंदुताई आली. तिला बायका लांबूनच ओळखत, कारण ती चालता चालता बोलायची.

"अगं, जित्याची ना तू? हिरामणची बहीण! आणि ही एवढी मोठी झाली?" तिने दुर्वाच्या पायावरचं दुपटं उचलून पाहिलं. "हे तर मला पण आठवतंय. हिरवा काठ. शाळेत आणलेली ना आजीनं ह्यातच. आजी काय तुझी! मी म्हटलं आईला पाठवा, तर म्हणे, सव्वा महिना झाल्याशिवाय मी लेकीला उन्हात काढायची नाय, तुमच्या मशीनला काय ते माझ्यासमोर बोलू द्या."

हर्षालीला हसू आलं. आई तशीच होती.

"आणि रडली काय ही त्या दिवशी!" इंदुताई म्हणाली. "मी गुंडी बसवायला गेले आणि बोट लागलं त्या तारेला. कान टोचलेले, अजून चिघळून लालबुंद. मी आजीला म्हटलं, अहो, तपासणीच्या आधी कशाला टोचलेत? तर म्हणे, आमच्यात बाराव्याला टोचतात."

हर्षालीचं हसू जागच्या जागी थांबलं.

तिच्या माहेरी बाराव्याला कान टोचत, हे खरं होतं. पण जनूच्या घराण्यात जावळ काढल्याशिवाय टोचत नसत. काशीबाईने तसा निरोप पाठवला होता आणि हर्षालीने तो पाळला होता. ठमाबाईने तेव्हा महिनाभर टोमणे मारले होते, पोरीची जात आणि कान बोडके म्हणून. दुर्वाचे कान टोचले ते रोह्याच्या सोनाराकडे, पुढे कितीतरी महिन्यांनी, आणि तेव्हा तिला मांडीवर घट्ट धरून काशीबाई बसली होती. जित्याच्या त्या घरात बाराव्याला टोचलेले कान एकाच बाळाचे होते. वहिनीच्या लेकीचे, आर्वीचे. आर्वी दुर्वाहून काही आठवड्यांनीच थोरली.

"इंदुताई," हर्षाली म्हणाली, "हिचे कान तेव्हा टोचलेले नव्हते."

इंदुताई आधी तिच्याकडे, मग दुर्वाकडे आणि मग त्या दुपट्याकडे बघत राहिली. चालता चालता बोलणारी ती बाई बाकावर बसली.

"मी विचारलं होतं गं. हीच ना, असं विचारलं होतं. त्या हीच म्हणाल्या. आजी खोटं कशाला बोलेल?" ती उठली. "मी आत जाऊन सांगते."

"नको. थांबा." हर्षालीने तिचा हात धरला. "मी आधी जित्याला जाऊन येते. उद्या मी स्वतः सांगीन. डॉक्टरीणबाईंना म्हणावं, आज काही ठरवू नका."

पनवेलकडे जाणारी गाडी मिळाली. जितं लांब नव्हतं, तरी तेवढ्या वेळात हर्षालीच्या मनात आईच्या बाजूने सगळं बोलून झालं. आईला घाई झाली असेल. अंधाऱ्या खोलीत चुकून दुसरंच बाळ उचललं असेल. पण दुपटं चुकून बदलत नाही, आणि हातावर ठेवलेली साखर चुकून ठेवता येत नाही.

ठमाबाई अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. पलीकडे तिचा भाऊ मारुती कोयत्याला धार लावत होता. मारुती जन्मापासून बहिरा आणि त्यामुळे मुका. आईबाप गेल्यावर तो बहिणीच्या घरी आला आणि तिच्या शेतात राबला. दुर्वाला बघताच त्याने कोयता ठेवला आणि टाचेने जमिनीवर धपकन पाय आपटला. आईच्या कडेवरून खाली उतरलेली दुर्वा, जिला डॉक्टरीणबाईंच्या म्हणण्याप्रमाणे जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं, ती पायाखालच्या थरथरीने वळली आणि खिदळत त्याच्याकडे धावली. हा त्यांचा नेहमीचा खेळ होता. हर्षालीने तो कितीदा पाहिला होता.

"आलीस गो बाय? काय म्हणाली डॉक्टरीण?"

"आये, आर्वीचे कान कधी टोचले?"

"बाराव्याला. का गो?"

"आणि दुर्वाचे?"

"ते तुझ्या सासूला विचार. जावळ काढल्याशिवाय म्हणे सोन्याला हात लावायचा..." एवढं बोलून ठमाबाई थांबली. टोमण्याच्या नादात आपण कुठे येऊन पोचलो, हे तिला कळलं.

"शाळेत नेलेल्या बाळाच्या कानात तार होती."

ठमाबाईने नाही म्हटलं नाही. तिने सुपातल्या शेंगा एका बाजूला केल्या आणि आत बघून हाक मारली, "सुगंधा, चहा ठेव गो."

"ठेवते," वहिनी दारातून म्हणाली, पण तिचे डोळे जमिनीवर होते.

"वहिनी, तेव्हा तू दुर्वाला घेऊन कुठं बसलीस?"

सुगंधाने सासूकडे पाहिलं. मग तीच म्हणाली, "मागं. गोठ्यात. मला आत्या म्हणाल्या तसं केलं, वन्सं. सासरी करायला लागतं. तुम्हाला काय सांगायचं?"

"आणि दादा?"

"त्यांना त्याच राती सांगितलं आत्यांनी. म्हणाले, कुणाला बोलायचं नाय."

म्हणजे घरात तीच एक होती, जिला माहीत नव्हतं. सव्वा महिना ती त्या खोलीत बसून यांच्या हातचं खात होती आणि बाहेर हे सगळे एकमेकांकडे बघून गप्प बसत होते.

"का केलंस, आये?"

"तुझ्यासाठी केलं." ठमाबाईचा आवाज चढला नाही. "मारुतीनं मला आधीच सांगितलेलं. पाळण्याजवळ पातेलं आपटून बघितलं त्यानं. मग पोरीकडं बोट केलं आणि आपल्या कानाकडं. मी त्याच्या हातावर फटका मारला. पण मला कळलं. आता ती इंदू येणार, मशीन सांगणार, अष्टमीला कळणार. मग तुझी सासू विचारणार, तुमच्याकडं कुणी हाय का असं? लग्नात विचारलेलंच तिनं. आठवतंय का?"

हर्षालीला आठवत होतं. पाहायला मंडळी आली त्या दिवशी मारुतीला सकाळीच वडखळला धाडलं होतं. काशीबाईने सरळ विचारलं होतं, घरात कुणाला काही व्यंग नाही ना. ठमाबाई म्हणाली होती, देवाच्या दयेनं नाय. तेव्हा हर्षाली पोह्यांचा ट्रे घेऊन दारात उभी होती. लग्नानंतर सासरची माणसं जित्याला आली की मारुती घरचा गडी म्हणून ओळखला जाई. तो हसत पाणी आणून द्यायचा आणि गोठ्याकडे जायचा.

"तू पण पोहे घेऊन गप उभी होतीस," ठमाबाई म्हणाली. "मी एकटी नव्हते."

"माझ्या लग्नापुरतं होतं ते. हे पोरीचं हाय, आये! तेव्हाच यंत्र लावलं असतं तर आतापर्यंत दोन शब्द बोलली असती ती."

"नाव पडलं असतं गो तिला. तुला काय ठाऊक? मारुती पाच वर्षांचा असताना मास्तरानं वहीत मुका लिहिलं, त्या दिवसापासून कुणी मारुती म्हटलं नाय त्याला. मला वाटलं, वर्षभर जाऊ दे. संसार मुळं धरू दे. कुणाकुणाचं सुधारतं."

"आणि तेल?"

ठमाबाईने पहिल्यांदा नजर वळवली.

"तेलाचं कोण म्हणालं पहिलं? तूच ना? फोन करून."

"दोष कुणाच्या तरी पदरात पडणारच होता," ठमाबाई म्हणाली. "माझ्या लेकीच्या पदरात का पडू देऊ?"

आईने इतकं खरं तिला आयुष्यात दुसरं काही सांगितलं नसेल. हर्षालीला वाटलं होतं, आई रडेल, हातापाया पडेल. तसं झालं असतं तर कदाचित तीही रडली असती. पण ठमाबाई हिशेबी बाई होती. घरातला तांदूळ उन्हाळ्यापर्यंत पुरवावा तसा तिने लेकीचा संसार पुरवला होता, आणि तो पुरवताना कुणाच्या ताटात कमी पडलं, ते बघायचं नाही असं ठरवलं होतं.

हर्षालीने मारुतीच्या खांद्यावरून दुर्वाला उतरवून घेतलं.

"चहा झालाय," आतून सुगंधा म्हणाली.

"सांगशील तू जनूला?" ठमाबाई उठली. "सांग. पण डोकं ठिकाणावर ठेवून सांग. त्यांनी तुला इथं आणून सोडलं, तर मग माझ्यावर रागवायला पण इथंच यायला लागंल."

"उद्या मामाला पेणला पाठव," हर्षाली म्हणाली. "घरात आणखी कुणी असं असेल तर डॉक्टर त्यालाही तपासतील. मला ठाऊक हाय, ते विचारणारच."

गाडी रोह्याला पोचेपर्यंत दुर्वा खिडकीच्या गजाला गाल लावून बसली होती. गजाची थरथर तिला आवडायची. हर्षाली तिच्याकडे बघत होती. आईने दिलेल्या तराजूत तिने दोन्ही पारडी जोखून पाहिली. गप्प बसलं तर घर राहील, माहेर राहील, आणि मुलगी महिनोन् महिने नसलेला रोग शोधायच्या तपासण्यांत फिरेल. सांगितलं तर मुलीचे साचे उद्या होतील. बाकीचं काय होईल, ते तिच्या हातात नव्हतं.

पूल ओलांडून ती घरी आली तेव्हा जनू जेवायला बसला होता आणि काशीबाई तांदूळ निवडत होती. दुर्वा धावत जाऊन आजीच्या पाठीवर पडली. काशीबाईने तिला पुढे ओढून मांडीवर घेतलं. तिचे हात नातीच्या पोटावर होते. डोक्याकडे ते जात नव्हते, आणि हर्षालीला ते आज दिसलं.

तिने बसून सगळं सांगितलं. शाळेतली तपासणी, दुपटं, आर्वी, तार, कानाचे साचे. मग मारुती. जनूचा हात ताटात तसाच राहिला.

"तो गडी..." तो म्हणाला.

"गडी नाय. माझा सख्खा मामा."

काशीबाईने विचारलं ते भलतंच.

"म्हणजे तेलानं नाय?"

"नाय आत्या. डॉक्टरीणबाई पण म्हणाल्या. तेलानं असं होत नाय."

काशीबाईने तांदळातून निवडलेला खडा बोटांत घोळवला. मग तो तिने उंबऱ्याबाहेर फेकला.

"पावसाळा गेला, गणपती गेले, दिवाळी गेली," ती म्हणाली. "मी गणपतीला साकडं घातलेलं, माझे कान घे आणि तिचे परत दे. म्हशीनं पाण्यात बसावं तशी मी ह्या घरात बसून राहिले, कुणाला तोंड दाखवलं नाय. आणि तुझी आये मला फोनवर विचारायची, बऱ्या हाव ना विहीणबाई?"

"मला नव्हतं ठाऊक, आत्या."

"हे नव्हतं ठाऊक. मामाचं होतं ना? लग्नात मी विचारलं तेव्हा पोहे कुणी आणले?"

"मी."

"फसवलं तुम्ही," जनू म्हणाला. त्याने ताट सरकवलं. "तुझ्या आयेनं फसवलं ते फसवलं, तू पण फसवलंस."

"व्हय," हर्षाली म्हणाली. "मी पण."

जनूने भांडणाची तयारी केली होती, कबुलीची नाही. तो उठून अंगणात गेला आणि मोटारसायकलच्या सीटवर नुसताच बसून राहिला.

काशीबाईने सूप बाजूला ठेवलं. "तुझं माझं मी विसरणार नाय," ती म्हणाली. "ते बघू मागाहून. साचा कधी घेणार म्हणाली डॉक्टरीण?"

"उद्या. मी खरं सांगितलं तर."

"मग उद्या मी येणार. जनूला पण रजा टाकायला लाव. तू बोलशील ते मला ऐकायचंय."

दुसऱ्या दिवशी पेणच्या दवाखान्याच्या पडवीत मारुती आधीच येऊन बसला होता. अंगात धुतलेला सदरा, केसांना पाणी लावून भांग पाडलेला. त्याच्या शेजारी ठमाबाई होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. मारुती एकटा गाडीने कसा येईल, असं ती कुणी न विचारताच म्हणाली. जनूने तिच्याकडे पाहिलं नाही. काशीबाईने मात्र पाहिलं, नीट, पायापासून डोक्यापर्यंत, आणि ती पुढे गेली.

खिडकीतल्या बाईने केसपेपर काढताना मारुतीकडे बोट केलं. "यांचं नातं काय?"

"आमच्या घरी..." ठमाबाईने सुरुवात केली.

"मामा," काशीबाई म्हणाली. "मुलीच्या आयेचा सख्खा मामा. मारुती नाव. नीट लिहा."

आत डॉक्टरीणबाईंसमोर हर्षालीने एका दमात सांगितलं. दुसऱ्या तपासणीतलं बाळ तिचं नव्हतं, तिच्या भावाचं होतं. तिची मुलगी तेव्हा गोठ्यात होती. इंदुताई भिंतीला टेकून उभी होती. तिनेही मधे शब्द घातला: "मी बाळाच्या हातातली पट्टी बघितली नाय, मॅडम. आजी बघितली." डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं, मग आधीचा कागद बाजूला केला.

"ठीक आहे. मग स्कॅन थांबवते. साचे आजच घेऊ."

इंदुताईने गुलाबी मऊ लगदा कालवायला घेतला. हा कानात भरायचा, घट्ट झाला की काढायचा आणि त्यावरून यंत्राची कानात बसणारी बोळी करायची, असं तिने समजावलं. "गणपतींच्या पेणला काय साच्याची कमी हाय का?" ती म्हणाली, पण तिच्या नेहमीच्या विनोदाला आज कुणी हसलं नाही. लगदा बघून दुर्वा आधीच मान फिरवायला लागली होती.

"आजी, डोकं घट्ट धरा तिचं. कान असा वर ओढून ठेवा."

काशीबाईचे हात हवेतच राहिले. तिने सुनेकडे पाहिलं.

"धरा आत्या," हर्षाली म्हणाली.

काशीबाईने नातीचं डोकं आपल्या छातीशी दाबलं आणि दोन बोटांत तिचा कान धरला. दुर्वाने भोकाड पसरलं. त्या भोकाडात शब्द नव्हता, नुसता आवाज होता, आणि तो ऐकून मारुतीखेरीज सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. मारुतीने टाच आपटली. दुर्वाने त्याच्याकडे पाहिलं आणि ती एका हुंदक्यापुरती थांबली. तेवढ्यात इंदुताईने एक कान भरला, मग तसाच दुसरा.

"आता मामांना घ्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घरातलं आणखी कुणी आलंय का बाहेर? असेल तर माहिती घ्यायला बोलवा."

दार अर्धं उघडं होतं. त्या फटीतून बाकावर बसलेली ठमाबाई दिसत होती. तिने ते ऐकलं होतं. ती पदर सावरून उठण्याच्या बेतात होती आणि तिचे डोळे लेकीवर होते.

"नाय," हर्षाली म्हणाली. "आम्ही सगळे आत आलोय."

आणि तिने दार लावून घेतलं.